अण्णांची मान आणि टिटवीची ग्रेड

त्या संध्याकाळी अण्णांनी ठरवलं ते एवढंच, की आपण खुर्चीत बसायचं. बसून कुणाचं वाईट झाल्याचं निदान त्यांच्या तरी ऐकिवात नव्हतं. उलट, उठून काही करायला गेलं की घोळ होतो, हा त्यांचा घरातला अनुभव होता. (पडद्याचा दांडा, बाथरूममधला नळ आणि मेहुण्याची सायकल, तिघंही साक्षीला आहेत.)

बसायचं कारण म्हणजे टिटवी. टिटवी ही अण्णांची एकुलती एक मुलगी. कॉलेजच्या कागदांवर तिचं नाव चांगलं भारदस्त आहे, पण पाळण्यात असताना तिने सगळ्या बिल्डिंगला जे जागं ठेवलं, त्यावरून बिल्डिंगनेच तिला हे नाव देऊन टाकलं. आता ती शेवटच्या वर्षाला होती आणि तिचा विषय भूगर्भशास्त्र. म्हणजे दगड, माती आणि त्याच्या खालचं सगळं. ‘दगडांचा काय अभ्यास करायचा गं?’ असं पूर्वी शेजारपाजारचे विचारायचे. मग एकदा तिने जिन्यात उभं राहून सांगायला सुरुवात केली. तेव्हापासून कुणी विचारत नाही.

टिटवीचा जीव अडकला होता एका संस्थेत. टेकडीवरची संस्था, तिथे पृथ्वीचा अभ्यास होतो, आणि तिथले लोक अंगात जाड कोट घालून डोंगरांवर हिंडतात. तिथे जायचं तर ग्रेड पॉइंट नऊच्या वर हवा. नऊच्या खालचा अर्ज ते उघडतसुद्धा नाहीत म्हणे. टिटवीची गाडी आठ आणि नऊच्या मधे कुठेतरी घुटमळत होती. आणि नऊ नाही झाले तर? तर मामाचं चष्म्याचं दुकान होतं. मामा फार चांगला माणूस. त्याने भाचीसाठी काउंटरमागे एक उंच स्टूल आधीच आणून ठेवलं होतं. टिटवीला त्या स्टुलाची स्वप्नं पडायची आणि ती दचकून उठायची.

“आमच्या मॅडम म्हणाल्या,” टिटवी जेवताना सांगत होती, “की तू वाचतेस खूप, पण नुसतं वाचून ग्रेड वर जात नाही. पुस्तक मिटायचं आणि ज्याला त्या विषयातलं काही म्हणजे काहीही कळत नाही अशा माणसाला समोर बसवून समजावून सांगायचं. त्याला कळलं, म्हणजे आपल्याला कळलं.”

वहिनींनी, म्हणजे टिटवीच्या आईने, मान वळवली. टिटवीने वळवली. दोघींची नजर एकाच ठिकाणी येऊन थांबली.

“माझ्याकडे काय बघताय?” अण्णा म्हणाले. पण मनातून त्यांना बरं वाटलं. आपण एखाद्या कामाला इतके अचूक लायक आहोत, असं घरात प्रथमच ठरत होतं.

आता अण्णांच्या नोकरीबद्दल सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्या नोकरीनेच केलं. अण्णा पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रारींच्या खिडकीवर बसतात. नळाला पाणी येत नाही, आलं तर गढूळ येतं, नाहीच आलं तरी बिल येतं, असं सांगणारी माणसं तावातावाने त्या खिडकीशी येतात. अण्णा त्यांच्याकडे बघतात आणि मान हलवतात. ती मान बघण्यासारखी आहे. आधी हळूच, वाऱ्यावर गवत हलतं तशी. मग थोडी खाली, जरा दुःखाने. मग एक “अच्छा”, एक “तेच तर”, आणि शेवटी डोळे किंचित मिटून “समजलं, अगदी समजलं.” येताना लालबुंद असलेला माणूस जाताना “चला, कुणीतरी ऐकून तरी घेतलं” म्हणत निवांत जातो. पाणी येत नाही ते नाहीच. साहेब चिडलेल्या माणसाला मुद्दाम अण्णांकडे पाठवतात.

खरं काय होतं ते अण्णांना आणि वहिनींनाच ठाऊक. पहिलं वाक्य कानावर पडलं की अण्णा तिथून निघालेले असतात. त्यांचं एक तळं आहे. कुठे आहे ते त्यांनाही सांगता येणार नाही, पण पाणी निळसर आहे, काठाला एक होडी बांधलेली आहे आणि सावली कायम दुपारची असते. अण्णा होडीत आडवे होतात. मान खिडकीत राहते आणि आपलं काम चोख करते.

तर दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. संध्याकाळची वेळ, गॅलरीजवळची वेताची खुर्ची, आतल्या खोलीत वहिनींचं शिलाई मशीन. वहिनी लोकांचे पडदे शिवून देतात, पँटी आखूड करून देतात, त्यामुळे संध्याकाळभर मशीनचा आवाज चालू असतो, दूरच्या आगगाडीसारखा. त्या आवाजात भल्याभल्यांना गुंगी येईल, मग अण्णांची काय कथा.

“अण्णा, नीट ऐका हं. एके काळी सगळी जमीन एकच होती.”

“अच्छा.”

“मग तिला तडे गेले. तुकडे झाले. आणि ते तुकडे एकमेकांपासून लांब सरकायला लागले. किती हळू? आपली नखं वाढतात ना, तितक्या हळू. अजूनही सरकतायत.”

“तेच तर,” अण्णा म्हणाले आणि निघाले.

आज होडी लागलीच नाही. ऑफिसच्या भिंतीलाच खिडकीच्या खालून एक तडा गेला आणि त्यातून कोमट पाणी वर आलं. अण्णांची बाजू संथपणे निघाली. खुर्ची, टेबल, शाईचा शिक्का, चहाचा कप, सगळं जागच्या जागी. कप डचमळलासुद्धा नाही. पलीकडच्या काठावर तक्रारींची रांग राहिली. सगळ्यात पुढचा माणूस बिल हलवून काहीतरी ओरडत होता, पण अंतर वाढत गेलं तसा त्याचा आवाज पक्ष्यासारखा झाला, मग नुसताच गोड. साहेब रांगेच्या मागे उभे राहून हात हलवत होते. अण्णांनीही हलवला. फायली पाण्यावर पसरल्या आणि छोटे मासे त्या वाचू लागले...

“कळलं ना, अण्णा?”

“समजलं,” मान म्हणाली. “अगदी समजलं.”

“पहिल्या फटक्यात?” टिटवीचा चेहरा उजळला. “आई, अण्णांना पहिल्या फटक्यात कळलं!”

आतून मशीन क्षणभर थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. वहिनींना काहीतरी म्हणायचं होतं, पण पडद्याची झालर मधेच सोडता येत नाही.

असं रोज होऊ लागलं. टिटवी सांगायची आणि अण्णा जायचे. ज्वालामुखी झाला तेव्हा ते एका उबदार डोंगराला टेकून बसले होते. हिमनदीच्या दिवशी पांढऱ्याशुभ्र बर्फावरून घसरत, घसरत, घसरत राहिले आणि शेवटपर्यंत पडले नाहीत. कधी नव्हे ते अण्णांना ऑफिस सुटायची ओढ लागली. इतकी सुंदर स्वप्नं त्यांना तक्रारींवर कधीच पडली नव्हती.

टिटवीही खूश होती. एकेका संध्याकाळी एकेक प्रकरण हातावेगळं व्हायला लागलं. “मला वाटायचं मला धड सांगता येत नाही,” ती म्हणाली, “पण अण्णा, तुमच्याकडे बघितलं की वाटतं, मी फार सोपं करून सांगते.”

आणि अण्णा? अण्णा फुगले. ऑफिसात शिपायाला, टायपिस्टला, जो सापडेल त्याला ग्रेड पॉइंट म्हणजे काय ते ऐकवू लागले. “शेवटच्या परीक्षेवर सगळं असतं असं वाटतं लोकांना. चूक! छोट्या छोट्या चाचण्यांतच ग्रेड मुरत असते. रोजच्या रोज झालं पाहिजे. वर्गात पहिल्या बाकावर बसलं पाहिजे. झोप पुरी झाली पाहिजे.” (हे शेवटचं सांगताना त्यांचा आवाज विशेष ठाम व्हायचा. त्या बाबतीत त्यांच्याइतका सराव कुणाचाच नव्हता.)

मधे एक इशारा मिळाला होता, नाही असं नाही. खालच्या मजल्यावरच्या टॅक्सीवाल्याला बस चालवायचं लायसन हवं होतं आणि त्याची लेखी परीक्षा होती. टिटवीचं ऐकून तोही एका सकाळी अण्णांना रस्त्यावरच्या सगळ्या पाट्या समजावून गेला. आणि परीक्षेत सपशेल आपटला.

“अण्णा, तुम्ही तर म्हणालात सगळं बरोबर आहे!”

“मी कुठे म्हणालो? मी फक्त मान हलवली.”

“मग ती कशाला हलवली?”

यावर अण्णांनी थोडा विचार केला आणि टॅक्सीवाल्याची बुद्धीच जरा कमी आहे असं ठरवून टाकलं. माणूस स्वतःला सोयीचं ते पटकन ठरवतो, त्यात अण्णांचा एकट्याचा दोष नाही.

मग टिटवीच्या पहिल्या चाचणीचा निकाल लागला.

ती घरी आली ती न बोलता. टिटवी न बोलता आली म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. जिना चढतानाच बिल्डिंगमधली दोन दारं उघडली, काय झालं म्हणून. तिने बूट काढले, सरळ रेषेत ठेवले आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली.

“काय गं?” अण्णा म्हणाले.

“शेवटून दुसरा नंबर आला,” ती म्हणाली. “प्रश्न वाचले, सगळे ओळखीचे वाटले. आणि लिहायला गेले तर आत काहीच नव्हतं. मला येत होतं ना अण्णा? तुम्हाला कळलं होतं ना?”

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, हे जास्त वाईट होतं. ती समोरच्या रस्त्याकडे बघत होती, आणि त्या रस्त्याच्या टोकाला मामाचं दुकान होतं.

आतलं मशीन थांबलं. वहिनी हातात कात्री घेऊन बाहेर आल्या.

“तू सांगायचीस तेव्हा हे काय करायचे?”

“मान हलवायचे.”

“कशी? अशी?” वहिनींनी कात्रीसकट मान हलवून दाखवली. आधी हळूच, गवतासारखी. मग खाली, जरा दुःखाने.

“हो! अगदी अशीच!”

“आणि शेवटी डोळे मिटून, समजलं, अगदी समजलं?”

“आई, तुला कसं माहीत?”

“अगं वेडे, ती खिडकीवरची मान आहे! लग्नानंतर मी महिनाभर ह्यांना घरातलं काय काय सांगत होते, आणि हे आपले नंदीबैलासारखे डोलत होते. मला वाटलं, काय समजूतदार नवरा मिळालाय! एक दिवस मी म्हटलं, अहो, स्वयंपाकघराला आग लागलीय. तर म्हणाले, अगदी समजलं.”

“मग मला आधी का नाही सांगितलंस?”

“मला वाटलं तुला माहीतच असेल. जन्मापासून बघतेयस.”

टिटवी सावकाश अण्णांकडे वळली. “अण्णा, पृथ्वीच्या अगदी आत, मधोमध काय असतं?”

प्रश्न सरळ होता. अण्णांना उत्तर द्यायचं होतं, मनापासून द्यायचं होतं. पण ते घाबरले होते, आणि घाबरलं की त्यांचं काम मानच करते. ती हलली.

“तेच तर,” अण्णा म्हणाले.

चार चाचण्यांपैकी सगळ्यात वाईट एक सोडून देतात, तेवढाच आधार होता. म्हणजे ती एक वापरून झाली. आता पुढे एकही पाय घसरून चालणार नव्हतं. तिने पुस्तक उचललं, आत गेली, आणि दार लोटून भिंतीला समजावून सांगायला लागली.

“निदान भिंत मान तरी हलवत नाही,” वहिनी म्हणाल्या.

हे अण्णांना फार लागलं. ते होडी शोधायला गेले, पण तळ्यावर आज धुकं होतं आणि धुक्यातून आतल्या खोलीतला टिटवीचा आवाज येत होता, भिंतीशी बोलणारा. अण्णांना वाटलं, आयुष्यभर आपण लोकांचं ऐकलं नाही ते नाही, पण ही एकटी आपल्याला माणूस समजून आपल्याशी बोलत होती. ते उठले. (वर सांगितलंच आहे, उठून केलेल्या गोष्टींचं काय होतं ते.) आणि समोरच्या दाराशी आले.

“काकू, तुमच्याकडे तो मानेचा पट्टा आहे ना?”

(पट्टा आमचाच. मागल्या वर्षी ह्यांची मान धरली होती तेव्हाचा. द्यायला काहीच हरकत नव्हती, फक्त कशाला हवाय ते पुरतं कळल्याशिवाय आमच्या घरातून वस्तू बाहेर जात नाही. म्हणून तर हे सगळं ठाऊक.)

तो पट्टा घालून अण्णा टिटवीच्या दारात उभे राहिले. हनुवटी वर, नजर समोर, थाट एखाद्या जुन्या राजाच्या पुतळ्यासारखा.

“हे काय?” टिटवी म्हणाली.

“आता हलवायची म्हटली तरी हलणार नाही,” अण्णा म्हणाले. “बघ, भिंतीइतकं जमतंय का.”

टिटवीला हसू आवरेना. पण तिने खुर्ची पुढे ओढली.

पट्टा जडला तो रात्री झोपतानाच निघायचा. सवय मोडायची तर चोवीस तास नको, पण दिवसभर तरी पट्टा हवा, असं अण्णांनी ठरवलं आणि तसेच ऑफिसला गेले. तिथे मात्र हाहाकार झाला.

पहिले एक आजोबा आले. नेहमीचे. त्यांनी नेहमीचं सांगितलं आणि मानेची वाट बघत थांबले. मान हलेना. आणि मान हलत नाही म्हटल्यावर अण्णांना तळ्यावरही जाता येईना. आयुष्यात प्रथमच तक्रार सरळ कानात शिरली.

“थांबा,” अण्णा म्हणाले. “नाही समजलं. परत सांगा.”

“काय?” आजोबा म्हणाले. “गेली कित्येक वर्षं तुम्ही समजलं म्हणताय!”

“तेव्हा नव्हतं समजलं.”

रांगेत कुजबुज झाली. मागच्या बाई पुढे आल्या. “म्हणजे माझंही नव्हतं समजलं?”

“तुमचं काय होतं?”

“मेल्या, दर सोमवारी येते मी!”

थोड्या वेळाने रांग दरवाज्याबाहेर गेली, कारण प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं होतं. साहेब धावत आले. “अण्णा, काय चाललंय? लोक आत घुसायला लागलेत!”

“साहेब, हे आजोबा म्हणतात त्यांच्या गल्लीत पाईप उलटा जोडलाय.”

“बरं, मग?”

“मग खरंच उलटा जोडलेला असला तर?”

हा प्रश्न त्या ऑफिसात कुणी विचारला नव्हता. साहेबांनी अण्णांच्या पट्ट्याकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं आणि खिडकीचं दार ओढून घेतलं. “तुम्ही रजा घ्या. मान हलायला लागली की या.”

अशा रीतीने अण्णा घरी बसले, आणि दुसरीकडे टिटवीला कॉलेजने पुढच्या चाचणीआधीची अभ्यासाची सुट्टी दिली. बापलेक समोरासमोर. आता निसटायला जागा नव्हती.

“पृथ्वीच्या आत थर असतात. सगळ्यात वर कवच. त्याच्या खाली गरम खडकाचा जाड थर. मग बाहेरचा गाभा, तो वितळलेला. आणि त्याच्या आतला गाभा घट्ट. कळलं?”

“नाही.”

“काय नाही कळलं?”

अण्णा गांगरले. नाही कळलं म्हणणं एक वेळ सोपं, पण काय नाही कळलं हे सांगायला फार धीर लागतो. त्यांनी छताकडे बघून (दुसरीकडे बघताच येत नव्हतं) मनातलं बोलून टाकलं. “तिकडे जाऊन कुणी पाहिलं?”

“अण्णा, पुस्तकात दिलंय.”

“पुस्तकवाला गेला होता का?”

टिटवीने पुस्तक उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

“मला माहीत नाही,” टिटवी म्हणाली. आणि मग एकदम, “अण्णा, मला हे माहीतच नाही!” जणू काही सापडलं असावं, अशा आवाजात.

दुसऱ्या दिवशी ती मॅडमच्या खोलीत जाऊन बसली. मॅडमच्या खोलीबाहेर ‘शंका असल्यास यावे’ अशी पाटी होती, आणि त्या पाटीवर इतकी धूळ होती की आधी ती पुसावी लागली. मॅडमना तर आनंदाचं भरतंच आलं. टिटवी घरी आली ती जिन्यातूनच बोलत आली.

“अण्णा, उठा! तुम्ही रांग आहात!”

तिने अण्णांना, वहिनींना आणि दाराशी सहज आलेल्या समोरच्या काकूंना (म्हणजे मलाच) एकामागे एक उभं केलं. “भूकंप झाला की लाटा निघतात, पृथ्वीच्या आतून आरपार जातात. दोन जातीच्या. पहिली, ढकलणारी.” तिने शेवटच्या माणसाला मागून ढकललं. धक्का काकूंवरून वहिनींवर, वहिनींवरून अण्णांवर. “ही घट्ट वस्तूतून जाते, पाण्यातूनही जाते. तुमच्या रांगेत मागच्याने ढकललं की पुढच्याला लागतंच ना?”

“लागतं. खिडकीपर्यंत लागतं.”

“आता दुसरी लाट. डावी-उजवीकडे हलणारी. एकमेकांचे खांदे घट्ट धरा. मी शेवटच्याला बाजूला हलवते.” तिघंही डोलली. “आता खांदे सोडा.” तिने पुन्हा हलवलं. काकू हलल्या, वहिनी जागच्या जागी. “बघितलंत? ज्यांनी एकमेकांना घट्ट धरलंय त्यांच्यातूनच ही जाते. पातळ वस्तूत कुणी कुणाला धरत नाही. भूकंप पृथ्वीच्या एका बाजूला झाला, आणि दुसऱ्या बाजूला यंत्रं ठेवली, तर पहिली लाट पोचते आणि दुसरी पोचतच नाही. म्हणजे मधे...”

“थांब,” अण्णा म्हणाले. “बोलू नकोस.”

पडदे शिवायचं राहिलं होतं. गॅलरीतून तिरपं, पिवळं ऊन आत आलं होतं आणि त्यात धुळीचे कण तरंगत होते. अण्णा त्यांच्याकडे बघत होते. पण या वेळी ते होडीतून गेले नाहीत. चालत गेले, खाली, खाली, पायाखाली गरम होत जाणाऱ्या अंधारात, आणि तिथे कुणीच कुणाला धरलेलं नव्हतं. सगळं लोखंड वितळून संथ फिरत होतं, आणि वर, फार वर, एका बिल्डिंगमध्ये कुणीतरी मशीन चालवत होतं.

“म्हणजे मधे पातळ आहे,” अण्णा हळूच म्हणाले. “न जाता कळलं त्यांना.”

टिटवीने त्यांच्या गळ्यात हातच टाकले. पट्ट्यामुळे नीट जमलं नाही.

तिथून पुढे अण्णांना कशाचंच भय राहिलं नाही. रोज नवं ‘नाही कळलं’. वाळूचा दगड होतो, पण चिकटतो कशाने? डोंगर वर येतो तर बाकीची जमीन तक्रार करत नाही का? टिटवी चिडायची, पाय आपटायची, “अण्णा, तुम्ही मुद्दाम करताय!” म्हणायची, आणि सकाळी मॅडमच्या दारात उभी असायची. जुन्या प्रश्नपत्रिका आणून तिने वेळ लावून सोडवल्या. नऊ वाजता पुस्तक बंद आणि दिवा बंद, हा नियम वहिनींचा. टिटवी भराभर वाचायची ती थांबली आणि हळूहळू वाचायला लागली. दुसरी चाचणी बरी गेली, तिसरी चांगली, चौथी फारच चांगली. मग शेवटची परीक्षा आली, आणि ती देऊन ती इतकं बोलली की अण्णांनी समाधानाने पट्टा परत आणून दिला.

निकालाच्या सकाळी मामाही आला होता, येताना स्टुलासाठी एक मऊ गादी घेऊन. टिटवीने फोन उघडला. एका वर्षाने सगळ्या वर्षांचा मिळून ग्रेड पॉइंट कितीसा हलणार, असं मामा हळूच वहिनींना सांगत होता.

“नऊ पॉइंट एक,” टिटवी म्हणाली. आणि मग बसली, फरशीवरच.

मामाने गादी तिच्या पाठीशी सरकवली. चांगला माणूस, म्हटलं ना.

त्या दिवशी अण्णा घरभर तरंगत होते. ज्याला त्याला सांगत होते, की ग्रेड काय नुसती मुलीची असते का, समोर बसणाराही तयार लागतो. संस्थेचं पत्र आलं, बॅग भरायला घेतली, तेव्हा न राहवून त्यांनी विषय काढलाच.

“तिकडे गेल्यावर रोज संध्याकाळी फोन करशील ना? मी बसतो खुर्चीत. तिकडचा अभ्यास जड असणार. चांगला ऐकणारा लागेल.”

टिटवीने हातातल्या जाड कोटाची दोनदा घडी घातली. “अण्णा, राग नका मानू. पण मॅडम म्हणाल्या होत्या, काही म्हणजे काहीच न कळणारा माणूस हवा. आणि तुम्हाला आता पुष्कळ कळतं.”

अण्णांना एकाच वेळी आभाळाएवढा अभिमान वाटला आणि रडूही आलं. आपण शिकलो, आणि शिकल्यामुळे ही ऐकण्याची नोकरी गेली. खिन्न होऊन ते गॅलरीत जाऊन उभे राहिले.

“अगं, सरळ परीक्षा घे की त्यांची,” वहिनी धागा तोडत म्हणाल्या. “न घेता कसं काढून टाकतेस माणसाला?”

ते टिटवीला पटलं. तिने वडलांना वेताच्या खुर्चीत बसवलं आणि समोर उभी राहिली. “अण्णा, पृथ्वीच्या बाहेरच्या गाभ्यातून कोणती लाट जात नाही, आणि का?”

अण्णांनी आठवायचा प्रयत्न केला. रांग आठवली. पिवळं ऊन आठवलं. कुणीतरी कुणाचे तरी खांदे धरले होते, हेही आठवलं.

“काकू होत्या,” ते म्हणाले.

“वाळूचा दगड कसा होतो?”

“होतो खरा.”

“सगळ्यात वरच्या थराला काय म्हणतात?”

अण्णांनी छताकडे पाहिलं. “गच्ची?”

टिटवीने टाळ्या वाजवल्या, ओरडली, आईला हाक मारली, आणि सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात निकाल सांगितला. जन्मभर काठावर पास होत आलेल्या अण्णांना त्या संध्याकाळी दहापैकी पूर्ण दहा ग्रेड पॉइंट मिळाले, आणि तिकडच्या सगळ्या सेमिस्टरांसाठी ते बिनविरोध निवडून आले.